मेलबर्नमधले पहिले पाच आठवडे: वर्क अँड हॉलिडे व्हिसावर येणाऱ्या मुलामुलींसाठी

आमच्या फ्रिजवर एक कागद अजून चिकटवलेला आहे. माझा भाचा एप्रिल २०२५ मध्ये वर्क अँड हॉलिडे व्हिसावर मेलबर्नला आला, तेव्हा दर रविवारी रात्री तो त्या कागदावर आठवड्याचा हिशोब मांडायचा. पहिल्या चार ओळींत नुसती वजाबाकी आहे. पाचव्या ओळीत पहिल्यांदा अधिकचं चिन्ह दिसतं, कारण पहिला पूर्ण पगार त्या आठवड्यात जमा झाला. मधला एक महिना ज्याने नीट काढला, त्याचं पुढचं वर्ष छान जातं. घाबरून पहिली मिळेल ती खोली आणि पहिलं मिळेल ते काम धरणारी मुलं मात्र सहा महिने त्यातून बाहेर पडायला धडपडताना मी पाहिली आहेत. म्हणून हे सगळं लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. आपल्याकडे सगळं महिन्यावर चालतं: एक तारखेला पगार, पाच तारखेच्या आत भाडं. इथे सगळं आठवड्यावर चालतं. खोलीचं भाडं आठवड्याचं सांगतात, पगार आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी होतो, सुपरमार्केटच्या सवलती दर बुधवारी बदलतात. ‘अडीचशे’ ऐकून खूश होऊ नका, ते आठवड्याचे आहेत. चारने गुणूनही चालणार नाही, कारण वर्षात ५२ आठवडे असतात. २५० गुणिले ५२ भागिले १२ केलं की महिन्याचे जवळजवळ १,०८३ डॉलर होतात. (या लेखात डॉलर म्हणजे ऑस्ट्रेलियन डॉलर.)

व्हिसाबद्दल थोडक्यात

भारतीयांसाठी हा व्हिसा, सबक्लास ४६२, भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार कराराचा भाग म्हणून २०२४ मध्ये खुला झाला. वर्षाला १,००० जागा आणि त्यासाठी सोडत. पहिली सोडत-नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली, शुल्क २५ डॉलर होतं. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी, आणि परतीच्या तिकिटाखेरीज साधारण ५,००० डॉलर खात्यात असल्याचा पुरावा, या मुख्य अटी. देशात पाऊल ठेवल्यापासून एक वर्ष राहता येतं. एका मालकाकडे सर्वसाधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही (काही अपवाद आहेत, ते गृहखात्याच्या संकेतस्थळावर वाचा), आणि शिक्षण चार महिन्यांपर्यंतच.

त्या ५,००० डॉलरकडे अनेकजण कागदोपत्री अट म्हणून बघतात. कुणाकडून तरी उसने घेऊन खात्यात दाखवायचे आणि परत द्यायचे, असा विचारही करतात. कृपा करून तसं करू नका. त्या पैशांवरच तुम्हाला पाच आठवडे जगायचं आहे.

निघण्याआधी

बॅगेत काय भरायचं यापेक्षा काय भरायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याचे पदार्थ, बिया, लाकूड, चामडं असं काहीही असेल तर ‘हो’ लिहायचं. लिहिलं आणि ती वस्तू चालत नसेल, तर ते काढून घेतात एवढंच. लपवलं आणि सापडलं, तर जागेवर मोठा दंड होतो, व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. माझ्या बहिणीने मायेने पेढे आणि गोडा मसाला दिला होता. भाच्याने दोन्ही जाहीर केलं. पेढे गेले, मसाला राहिला. दुधाचे पदार्थ भारतातून आणूच नका, तूपही नको. मेलबर्नमध्ये तूप, ज्वारीचं पीठ, पोहे, साबुदाणा सगळं मिळतं. डँडेनाँगच्या ‘लिटल इंडिया’त मिळतं, पश्चिमेकडच्या टार्निट आणि ट्रुगनिनामध्ये तर चालत जाण्याच्या अंतरावर.

जागा द्या ती उबदार कपड्यांना. इथले ऋतू उलटे आहेत, जून ते ऑगस्ट थंडी. पुण्यातला स्वेटर मेलबर्नच्या वाऱ्याला पुरत नाही, वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं एक जाकीट हवंच. काळी पँट, दोन काळे साधे शर्ट आणि न घसरणाऱ्या तळव्याचे काळे बूट जरूर आणा. हॉटेल-कॅफेच्या कामाला पहिल्या दिवशी हेच घालून बोलावतात.

आरोग्य विमा घेतल्याशिवाय निघू नका. काही देशांच्या नागरिकांना इथली सरकारी ‘मेडिकेअर’ परस्पर करारामुळे मिळते, त्या यादीत भारत नाही. आल्यावर ‘अँब्युलन्स व्हिक्टोरिया’चं (मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाची रुग्णवाहिका सेवा) सभासदत्वही घ्या. एकट्या माणसाची वर्षाची वर्गणी साठ डॉलरच्या आत असते, आणि सभासदत्व नसेल तर शहरातली एकच फेरी हजार डॉलरच्या वर जाते. तुमच्या विम्यात अँब्युलन्स धरली असेल तर वेगळी वर्गणी नको, पण ते आधी वाचून खात्री करा.

पहिला आठवडा: फोन, बँक, टीएफएन

विमानतळ टुलामरीनला आहे आणि तिथून शहरात रेल्वे येत नाही. ‘स्कायबस’ थेट सदर्न क्रॉस स्टेशनला आणते. पैसे वाचवायचे असतील तर ९०१ नंबरची बस ब्रॉडमेडोज स्टेशनपर्यंत येते आणि तिथून गाडी मिळते. या बसला आणि गाडीला साधं ‘मायकी’ कार्ड (इथलं प्रवासाचं कार्ड) चालतं, स्कायबसला नाही. फक्त बॅगा दोन असतील आणि रात्रीचं विमान असेल, तर पहिल्या दिवशी स्कायबसच बरी.

पहिले दहा दिवस हॉस्टेल किंवा नातेवाइकांकडे काढा. भारतात बसून महिन्याची खोली पक्की करू नका. त्याचं कारण पुढे सांगते.

पहिल्या तीन दिवसांत तीन कामं करायची, आणि ती याच क्रमाने. प्रथम प्रीपेड सिम, कारण पुढच्या प्रत्येक फॉर्मवर इथला नंबर लागतो. शेतावर किंवा शहराबाहेर जायचा विचार असेल तर टेल्स्ट्रा कंपनीचं घ्या, खेड्यापाड्यांत त्याचीच पोच सगळ्यात चांगली आहे. नंतर बँक. मोठ्या बँकांची खाती भारतातूनच ऑनलाइन उघडता येतात, इथे शाखेत पासपोर्ट दाखवला की खातं सुरू होतं. तुमच्या खात्याला दोन आकडे असतील, सहा अंकी ‘बीएसबी’ आणि खाते क्रमांक. मालक पगारासाठी दोन्ही मागतो.

तिसरं म्हणजे टॅक्स फाइल नंबर, इथे सगळे त्याला टीएफएन म्हणतात. तो करखात्याच्या संकेतस्थळावरून, देशात आल्यावर, फुकट मिळतो. पैसे घेऊन टीएफएन काढून देणारे संकेतस्थळ दिसलं तर ते बंद करा. नंबर पोस्टाने येतो आणि २८ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून पत्ता असा द्या की जिथून तुम्हाला पत्र हमखास मिळेल. हॉस्टेलचा पत्ता देऊन पत्र हरवलेली मुलं मला माहीत आहेत. ओळखीच्या कुणाचा पत्ता असेल तर तोच द्या. टीएफएन येण्याआधी काम सुरू करता येतं, पण ठरलेल्या मुदतीत नंबर दिला नाही तर पगारातून जवळजवळ निम्मा कर कापला जातो.

ही कामं करायला हॉस्टेलच्या खाटेवर बसू नका. स्वान्स्टन स्ट्रीटवरच्या स्टेट लायब्ररीत जा. वायफाय फुकट, बसायला टेबल, आणि वर पाहिलं की तो अष्टकोनी वाचनकक्षाचा घुमट. सकाळी तिथे जाऊन बसलं की परक्या शहरात आपल्याला एक जागा आहे असं वाटतं, आणि पहिल्या आठवड्यात त्याची फार गरज असते.

शहराच्या मध्यभागी ट्राम फुकट आहे. त्या ‘फ्री ट्राम झोन’च्या आत कार्ड टेकवायचं नाही, टेकवलं तर पैसे कापले जातात. बाहेर जाताना मात्र टेकवायलाच हवं. २०२५ मध्ये दोन तासांचं भाडं साडेपाच डॉलर आणि दिवसाची कमाल ११ डॉलर होती. सोमवार ते शुक्रवार सकाळी सव्वासातच्या आत मेट्रो गाडीत चढून उतरलात, दोन्हीकडे कार्ड टेकवलंत, तर तो प्रवास फुकट. गोदामाच्या सहाच्या शिफ्टला जाणाऱ्याला याचा मोठा आधार होतो.

खोली बघताना

इथे जरा थांबून लिहिते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

तुम्ही अख्खं घर घेणार नाही, ‘शेअर हाउस’मध्ये एक खोली घ्याल. ‘फ्लॅटमेट्स’सारख्या संकेतस्थळांवर आणि समाजमाध्यमांवरच्या गटांत जाहिराती असतात. नियम एकच: डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक डॉलरही पाठवायचा नाही. ‘मी सध्या परदेशात आहे, बाँड भरा, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असं कुणी म्हणालं, तर ती फसवणूक आहे. फोटो दुसऱ्याच घराचे असतात. भारतातून खोली पक्की करू नका म्हणाले ते यासाठी.

बघायला गेल्यावर काय बघायचं? हीटर कुठे आहे आणि तो खरंच चालू होतो का, हे लावून बघा. इथली बरीच जुनी घरं थंडीसाठी बांधलेलीच नाहीत, जुलैत खोलीत श्वासाची वाफ दिसते. मग खिडकीची दिशा विचारा. आपण दक्षिण गोलार्धात आहोत, इथे ऊन उत्तरेकडून येतं. उत्तरेची खिडकी म्हणजे दिवसभर ऊब, दक्षिणेची म्हणजे ओल आणि बुरशी. भाच्याने पाहिलेल्या एका खोलीत कपाटामागच्या भिंतीवर तळहाताएवढा काळा डाग होता आणि वर नवा पोस्टर लावलेला. पोस्टरचा खालचा कोपरा ओलीने सुटला होता म्हणून दिसला. कपाट थोडं पुढे ओढून बघायला संकोच करू नका.

वीज, गॅस, इंटरनेट भाड्यात धरलंय का ते विचारा. एकूण किती माणसं राहतात आणि बाथरूम किती, हेही.

बाँड म्हणजे आपलं डिपॉझिट. व्हिक्टोरियात आठवड्याचं भाडं ९०० डॉलरपर्यंत असेल तर बाँड एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. रीतसर भाडेकरारात तो घरमालकाच्या खिशात राहत नाही. ‘रेसिडेन्शियल टेनन्सीज बाँड अथॉरिटी’ या सरकारी संस्थेकडे दहा कामकाजी दिवसांत जमा व्हावा लागतो आणि तुम्हाला त्याची पावती येते. शेअर हाउसमध्ये बऱ्याचदा जुना राहणारा जाताना नव्याकडून बाँड घेऊन जातो. तसं असेल तर रोख देऊ नका. बँकेतून पाठवा, आणि कशाचे पैसे आहेत ते दोघांच्या सहीने लिहून घ्या. कंडिशन रिपोर्ट (घराच्या स्थितीची लेखी नोंद) मिळाला तर पाच कामकाजी दिवसांत भरून परत करायचा असतो. खोलीचा प्रत्येक कोपरा, गालिच्यावरचे डाग, खिडकीची कडी, सगळ्याचे फोटो सामान लावण्याआधी काढा आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा, म्हणजे तारीख नोंदली जाते.

कुठे राहावं? बहुतेक मराठी मुलं सरळ टार्निट किंवा पॉइंट कुककडे बघतात. आपली माणसं आहेत, किराणा आहे, खोल्या थोड्या स्वस्त आहेत. मी पश्चिमेलाच राहते आणि मला हा भाग आवडतो, तरी पहिल्या सहा महिन्यांसाठी मी फुट्सक्रे किंवा ब्रन्सविक सुचवेन. कॅफे-रेस्टॉरंटचं काम रात्री अकराला सुटतं. त्यानंतर लांबच्या उपनगरात गाडी आणि मग बस म्हणजे तासांचा खोळंबा, आणि रात्रभर गाड्या फक्त शुक्रवार-शनिवारी असतात. फुट्सक्रेहून शहर जवळ आहे, तिथल्या बाजारात भाजी स्वस्त मिळते, आणि पश्चिमेच्या गोदामांकडेही जाता येतं. आठवड्याला तीस डॉलर जास्त भाडं गेलं तरी ते प्रवासात आणि झोपेत वसूल होतं.

काम शोधणं

सीव्ही एका पानाचा करा. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव काही नको. हॉटेलच्या कामासाठी अर्ज करताना इंजिनिअरिंगचे गुण पहिल्या ओळीत लिहू नका. तुम्ही कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत येऊ शकता, ते पहिल्या ओळीत लिहा. मालकाला तेच हवं असतं.

कॅफेत छापील सीव्ही घेऊन दुपारी दोन ते चारच्या मध्ये जा, सकाळच्या कॉफीच्या गर्दीत कुणी तुमच्याकडे बघणार नाही. या शहराला कॉफीचं वेड आहे, फ्लॅट व्हाइट आणि लाते यांतला फरक माहीत नसला तर बरिस्ता, म्हणजे कॉफी करणारा, म्हणून कुणी घेत नाही. दारू वाढण्याच्या ठिकाणी काम हवं असेल तर ‘आरएसए’ प्रमाणपत्र लागतं, ते व्हिक्टोरियात चालणारंच काढा. बांधकामाला ‘व्हाइट कार्ड’ (सुरक्षा-प्रशिक्षणाचं कार्ड) हवं. लॅव्हर्टन-ट्रुगनिनाकडच्या गोदामांत पिक-पॅकिंगची (माल काढून खोक्यांत भरण्याची) कामं एजन्सीमार्फत मिळतात. व्हिक्टोरियात अशा प्रत्येक एजन्सीला परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी ‘लेबर हायर अथॉरिटी’च्या संकेतस्थळावर उघड आहे. नाव टाकून बघायला एक मिनिट लागतं.

मोठ्या सामन्यांचे दिवस लक्षात ठेवा: नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत, २६ डिसेंबरपासून एमसीजीवरची कसोटी, जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन, मार्चमध्ये अल्बर्ट पार्कला मोटारींची शर्यत. यांच्या आधी दीड-दोन महिने तात्पुरत्या माणसांची भरती होते.

आता पैशांचं. १ जुलै २०२५ ला देशाचं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं. तुम्ही ‘कॅज्युअल’ असाल, म्हणजे पगारी रजा नाही आणि शिफ्ट ठरलेल्या नाहीत, तर त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे सुमारे ३१.१९. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी बहुतेक कामांत त्याहून जास्त मिळतं. दर दरवर्षी जुलैत बदलतो. व्हिसा तात्पुरता आहे म्हणून कमी दर, असं काहीही कायद्यात नाही.

भाच्याला एका कॅफेने ‘ट्रायल’ म्हणून तीन दिवस, रोज पाच तास, फुकट राबवलं आणि चौथ्या दिवशी रोख १८ डॉलर तासाला देऊ म्हणाले. मालक आपल्याच देशातला होता, गोड बोलत होता, म्हणून नाही म्हणणं जड गेलं. हातातलं काम येतं का हे दाखवण्यापुरती थोडा वेळ ट्रायल विनामूल्य असू शकते. तीन दिवस म्हणजे काम आहे, आणि त्याचे पैसे द्यावे लागतात. सुदैवाने त्याने वेळा वहीत लिहून ठेवल्या होत्या. ‘फेअर वर्क ओम्बड्समन’ या कामगार-हक्कांच्या सरकारी कार्यालयाच्या १३ १३ ९४ या नंबरवर विचारून त्याने नियमाचा उल्लेख करत ईमेल पाठवला, आणि दोन आठवड्यांत पंधरा तासांचे पैसे जमा झाले. तक्रार केलीस तर व्हिसा जाईल, अशी भीती कुणी घातली तर दबू नका. फेअर वर्ककडे गेलेल्या कामगाराचा व्हिसा सहसा रद्द होऊ नये यासाठी फेअर वर्क आणि गृहखातं यांच्यात ठरलेली व्यवस्था आहे.

‘एबीएन काढ आणि बिल लाव’ असं कॅफे किंवा सफाईच्या कामात सांगितलं, तर तिथेच सावध व्हा. एबीएन म्हणजे धंद्याचा नोंदणी क्रमांक, तो स्वतःचा धंदा करणाऱ्यासाठी असतो. तुमच्या शिफ्टच्या वेळा मालक ठरवत असेल तर तुम्ही नोकर आहात, आणि एबीएनवर किमान वेतन, विमा, निवृत्तिनिधी सगळ्यावर पाणी सोडावं लागतं.

पगार झाल्यावर एका कामकाजी दिवसात पे-स्लिप मिळायला हवी. ती वाचा. या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून ४५,००० पर्यंत १५ टक्के कर आहे, पण मालकाने करखात्याकडे तशी नोंदणी केलेली असावी लागते. नसेल तर ३० टक्के कापले जातात. म्हणून स्लिपवर ३० दिसले की लगेच विचारा. त्याच स्लिपवर ‘सुपर’ची, म्हणजे निवृत्तिनिधीची, ओळ असते, पगाराच्या वर १२ टक्के मालकाने भरायचे. देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ते परत मागता येतात, पण या व्हिसाधारकांच्या सुपरवर ६५ टक्के कर आहे. शंभरातले ३५ हातात येतात. तरी ते तुमचे आहेत, सोडू नका. नोकरी बदलली तरी सुपरचं खातं एकच ठेवा. करवर्ष ३० जूनला संपतं आणि विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं.

फ्रिजवरचा हिशोब

भाच्याचे आकडे थोडे गोल करून देते. हॉस्टेलचे दहा दिवस ५५०. बाँड १,०००. खोलीचे चार आठवडे १,०००. प्रवास २५०. जेवण, बहुतेक स्वतः शिजवून, ५००. आरएसए, बूट, अंथरूण-पांघरूण, सिम मिळून २५०. एकूण ३,५५०. हातात उरले १,४५०. काम तिसऱ्या आठवड्यात मिळालं, पण पगार पंधरवड्याने, म्हणून पैसा पाचव्यात आला. म्हणजे ५,००० डॉलर म्हणजे चैन नव्हे, पण घाबरण्याचंही कारण नाही. दुसऱ्या आठवड्यात रोखीच्या कामाला ‘नको’ म्हणण्याचं बळ त्याच पैशांनी दिलं.

प्रत्येक वस्तूचे रुपये करत बसलात तर खाणंपिणं सोडाल. त्याऐवजी मिनिटांत मोजा. कर जाऊन हातात तासाला २६ डॉलर येत असतील, तर पाच डॉलरची कॉफी म्हणजे सुमारे साडेअकरा मिनिटांचं काम. घ्यायची का नाही, ते लगेच कळतं.

दुसरं वर्ष हवं असेल तर

दुसऱ्या व्हिसासाठी तीन महिने ठरावीक प्रकारचं काम ठरावीक भागांत करावं लागतं: शेती, उत्तरेकडची किंवा दुर्गम भागातली हॉटेलं, काही ठिकाणी बांधकाम. नोकरी घेण्याआधी त्या जागेचा पोस्टकोड आणि कामाचा प्रकार सरकारी यादीत आहे का ते बघा. मालकाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. पे-स्लिप जपा, पुरावा तोच. फळतोडणीत नगावर पैसे देत असले, तरी एप्रिल २०२२ पासून त्याखाली तासाच्या वेतनाची हमी आहे. आणि हा विचार सातव्या-आठव्या महिन्यात करा, अकराव्यात नव्हे.

माणसं

दुकानदार ‘हाऊ यू गोइंग?’ म्हणाला, तर तो कुठे चाललात असं विचारत नाही, कसे आहात एवढंच विचारतो. ‘गुड, यू?’ म्हणायचं आणि पुढे जायचं.

महाराष्ट्र मंडळ व्हिक्टोरियाचा गणेशोत्सव चुकवू नका. पण फक्त आरतीला जाऊन परत येऊ नका, खुर्च्या लावायला आणि वाढायला नाव द्या. पंक्तीत वाढताना ज्या ओळखी होतात, त्यांतून भाच्याला पुढची खोली मिळाली. घरच्या माणसांमध्ये रमा, मात्र राहत्या घरात एकतरी वेगळ्या देशाचा माणूस असू द्या. इंग्रजी बोलायचा कान त्यानेच तयार होतो.

चौथ्या आठवड्याच्या सुमारास एक संध्याकाळ जड जाते, बहुतेकांना जाते. पाच वाजता अंधार, बाहेर पाऊस, कामाचा फोन आलेला नाही. त्या दिवसासाठी आधीच काहीतरी ठरवून ठेवा, वरणभात लावा आणि घरी फोन करा. हिवाळ्यात मेलबर्न भारताच्या साडेचार तास पुढे असतं, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच तास. म्हणून थंडीत रात्री साडेआठला आणि उन्हाळ्यात साडेनऊला फोन लावा. तेव्हा घरी चार वाजलेले असतात, चहा टाकलेला असतो.